चाचांचा कान

चाचांना हळू बोलता येत नसे. "डॉक्टर, चहा झाला काय?" असं त्यांनी अंगणातून विचारलं की गल्लीच्या टोकाला जाळं विणत बसलेली माणसं मान वर करून बघत. मी डॉक्टर नव्हतो. औषध कंपनीची बॅग घेऊन रत्नागिरी, लांजा, राजापूर असे दवाखाने फिरणारा प्रतिनिधी होतो. पण जो औषधं बाळगतो तो डॉक्टर, असा चाचांचा साधा हिशेब होता. नव्याण्णव साली मी रत्नागिरीच्या राजिवड्यातल्या त्यांच्या घराच्या माडीवर भाड्यानं राहायला गेलो आणि साडेचार वर्षं राहिलो. त्यांच्या आवाजाचं कारण मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. बत्तीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस, तिथं ओरडल्याशिवाय बोलणं होतच नाही. सगळ्या मोहल्ल्यानं तेच ठरवलं होतं.

घरही ते बोटीसारखंच चालवत. पडवीत खिळ्याला एक वही टांगलेली असे. तिच्यात दिवसातून तीनदा नोंद व्हायची. एकदा मी ती चोरून वाचली. "पंप : बरा. फ्रिज : तापतो. टाकी : अर्धी. बायको : नाराज." दर शुक्रवारी नमाजाहून आले की तेलाची बुधली घेऊन घरातल्या प्रत्येक बिजागरीत ते दोन थेंब सोडत. माझ्या खोलीचा दरवाजा इतका मऊ झाला होता की वाऱ्यानं आपोआप उघडायचा आणि मी दचकायचो.

कुठल्याही वस्तूला ते हाताची पाठ लावून बघत. पंपाला, फ्रिजला, एसटीच्या बॉनेटला, आंब्याच्या पेटीला. "तळव्याला खोटां कळतां, पाठीला खरां," असं म्हणत. मला मलेरिया झाला तेव्हा माडीवर येऊन त्यांनी हाताची पाठ माझ्या मानेला लावली आणि जिन्यातून खाली ओरडले, "बेअरिंग तापलाय याचा!" चाचींनी लगेच पेज वर पाठवली. हेदवीहून माझी आई बघायला आली ती मनात धाकधूक घेऊनच, मुलगा परक्याच्या घरात आजारी पडलेला. जाताना चाचींकडून लोणच्याची बरणी घेऊन गेली.

चाची शांत बाई होत्या. त्यांना एकच खोड होती. कोणी काही बोललं की तेच त्या पुन्हा म्हणत, चाचांकडे तोंड करून, जरा मोठ्यानं. दूधवाला म्हणाला उद्या येणार नाही, की चाची म्हणणार, "उद्या येणार नाय म्हणतो हा." कोणी म्हणालं पापलेट महाग झालं, की चाची, "पापलेट महाग झालां म्हणतात." मला सुरुवातीला हसू यायचं. पुढं सवय झाली.

पण चाचांची खरी ओळख होती त्यांचा कान. सागाची एक हातभर लांब, गुळगुळीत काठी होती त्यांच्याकडे. काठीचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचे. मिरकरवाड्याच्या धक्क्यावरच्या लाँचवाल्यांचा या काठीवर देवावर असतो तसा विश्वास होता. हंगाम सुरू व्हायच्या आधी ते चाचांना न्यायला येत. चाचा इंजिनघरात उतरत, काठी लावत, आणि वर येऊन एकच शब्द बोलत. "जा" किंवा "खोल". जा म्हणजे समुद्रात जा. खोल म्हणजे इंजिन उघडा. या शब्दावर पुढं कोणी वाद घालत नसे.

आता माझं वेड सांगतो. मला साडेतीनशे हवी होती. दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, कंपनीनं बनवणं केव्हाच बंद केलेली ती मोटरसायकल. लहानपणी गुहागरच्या रस्त्यावर एकानं माझ्या शेजारून ती नेली होती. आधी आवाज गेला की आधी गाडी, हेही कळलं नव्हतं. माझ्या शंभर सीसीच्या गाडीवर बॅग लावून घाट चढताना मला तीच आठवायची. पण ती मिळणं अवघड होतं. चांगल्या गाड्या पुण्या-कोल्हापूरचे शौकीन उचलून नेत आणि उरलेल्या कुठं ना कुठं कोणी तरी बिघडवून ठेवलेल्या असत.

चाचांना मी हे सांगितलं आणि पस्तावलो. कारण त्या दिवसापासून ही खरेदी त्यांचीच झाली. हातखंब्याला एका गॅरेजमागं एक गाडी होती, ती त्यांनी काठी न लावताच नाकारली. "रंग बघ. आजारी माणूस पावडर लावून बसलाय." दुसरी एका कंत्राटदाराची. काठी लावली, डोळे मिटले, म्हणाले, "चल." तिसरीचे कागद नव्हते. मी दर वेळी खाली मान घालून त्यांच्यामागून बाहेर पडत असे, आणि रात्री अंथरुणावर पडून विचार करत असे की म्हाताऱ्याच्या नादानं माझी गाडी जाणार.

मग लांज्याची बातमी आली. तिथल्या काजूच्या कारखानदाराच्या धाकट्या भावाची साडेतीनशे मागच्या शेडमध्ये उभी होती. भाऊ मुंबईला कायमचा गेला होता. गाडी विकायची होती आणि रविवारी कोल्हापूरचं गिऱ्हाईक येणार होतं. आम्ही शनिवारीच एसटीनं गेलो. मे महिना होता. काठी चाचांच्या मांडीवर आणि पैशांची पिशवी माझ्या.

शेडमध्ये काजूच्या टरफलांचा जळका वास भरला होता. गाडी ताडपत्रीखाली होती. ताडपत्री निघाली आणि मी मनातल्या मनात ती घेऊन टाकली. लाल टाकी, दोन्ही बाजूंना दोन सायलेन्सर, मूळ दिवा, मूळ मीटर. मी कागद तपासले. चासीच्या नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल फिरवली, उमटलेला नंबर गाडीच्या नोंदणी-पुस्तकाशी ताडून पाहिला. जुळला. कारखानदारानं किक मारली. तिसऱ्या किकेला गाडी उठली आणि शेडभर निळा धूर पसरला.

चाचांनी काठी लावली. डोळे मिटले.

मी बाजूला उभा होतो आणि मला काहीतरी ऐकू येत होतं. इंजिनाच्या भरघोस आवाजाच्या मागं, अगदी बारीक. चहाच्या कपात कोणी चमचा हलवावा तसं. कधी यायचं, कधी जायचं. डाव्या बाजूनं.

"चाचा, डावीकडे काहीतरी किणकिणतंय का?"

चाचांनी डोळे उघडले नाहीत. मी पुन्हा विचारलं, त्यांच्या दंडाला हात लावून. मग त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"किणकिण," मी म्हटलं. "डावा सिलिंडर."

त्यांनी काठी उजवीकडून काढून डावीकडे लावली. बराच वेळ ऐकलं. कारखानदार घड्याळ बघत होता. "काही नाय," चाचा म्हणाले. "घे."

मी घेतली. बत्तीस वर्षांच्या कानापुढं माझा कान काय. खरं तर मला 'घे' हाच शब्द ऐकायचा होता, हेही कबूल करायला हवं.

परत येताना चाचा मागं बसले. "दोन बोटां कायम क्लचवर ठेव. अशा इंजिनाचा भरवसा नाय. जाम झालां तर मागचां चाक अडकतां, तेव्हा क्लच दाबायला अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाय." एवढं सांगून त्यांनी काठी मांडीखाली दाबून धरली. लांजा मागं पडलं. आंजणारी घाटाचा उतार उतरून नदीवरचा पूल ओलांडला आणि चढ लागला. मी गाडी जरा ओढली. आयुष्यात पहिल्यांदा ती ओढ अंगाला कळली आणि मी तोंडातल्या तोंडात हसलो.

मग किणकिण परत आली. या वेळी बारीक नव्हती. कोणीतरी डब्यात खिळे घालून हलवत होतं.

"चाचा! आवाज येतोय!"

मी मान वळवून ओरडलो, "चाचा, ऐकताय ना?" ते माझ्या खांद्यावरून समोर रस्ता बघत होते. चेहरा शांत, जराही घाबरलेला नाही.

पुढच्या वळणावर मागचं चाक अडकलं. गाडी आडवी सरकली, रबराचा करकरीत आवाज झाला आणि माझ्या दोन बोटांनी क्लच दाबला. मी दाबला असं म्हणवत नाही, बोटांनीच दाबला. चाक सुटलं. आम्ही रस्ता तिरका कापत पलीकडच्या मोरीच्या कठड्यापर्यंत जाऊन आडवे झालो. माझा गुडघा सोलवटला. चाचा उठून उभे राहिले, धोतर झटकावं तशी पँट झटकली आणि काठी शोधू लागले. ती रस्त्याच्या मधोमध पडली होती. ते तिकडं चालू लागले.

वरच्या वळणावरून ट्रक येत होता. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेला, त्यामुळं इंजिनाचा आवाज नाही. पण ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, त्या काळी ट्रकना असायचा तो कानात घुसणारा बारीक सुरातला हॉर्न, न थांबता. चाचांची पाठ ट्रककडं होती. ते वाकले. काठी उचलली. तिच्यावरची धूळ अंगठ्यानं पुसू लागले.

मी ओरडलो. त्यांनी मान वर केली नाही.

मी कसा पोचलो आठवत नाही. त्यांच्या सदऱ्याची कॉलर माझ्या मुठीत फाटली एवढं आठवतं. ट्रक आमच्या अंगावर वारा टाकून खाली गेला आणि ड्रायव्हरची शिवी वळणापर्यंत ऐकू येत राहिली. मला ऐकू येत राहिली.

आम्ही मोरीच्या कठड्यावर बसलो. चाचा काठी मांडीवर घेऊन नदीकडं बघत बसले. मग बोलले, आणि मी त्यांना हळू बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

"जाड आवाज येतात. बारीक गेले. आधी रातकिडे गेले. मला वाटलां, रातकिडेच कमी झाले. मग कुकरची शिटी." त्यांनी काठी कठड्याला टेकवली. "चाचीला सांगू नको."

मी मान हलवून कबूल केलं. टेम्पो करून गाडी घरी आणली तेव्हा संध्याकाळ झाली होती. चाचींनी फाटकी कॉलर पाहिली, माझा गुडघा पाहिला, आणि काही न विचारता हळद घेऊन आल्या.

जून-जुलै गाडी पडवीत उघडी पडून होती. चाचांनी तिचा स्क्रू न् स्क्रू काढला आणि रॉकेलच्या थाळ्यात मांडला. डावा पिस्टन बाहेर आला तेव्हा त्याच्यावर उभे ओरखडे होते आणि आतल्या बारीक बेअरिंगचा चुरा झाला होता. त्यांनी तो चुरा तळहातावर घेतला.

"हां वाजत होतां?"

"हो."

"कसां?"

"कपात चमचा हलवल्यासारखं."

त्या दिवशी वहीत नोंद होती : "डावा सिलिंडर वाजत होता. मला नाय कळलां."

माझी काळजी आता गाडीची राहिली नव्हती. जुलैच्या अखेरीस एक तांडेल घरी आला. लाँचचा प्रमुख, उंच, काळा, जपून बोलणारा. त्याच्या लाँचवर त्याला धरून सात माणसं जात. "चाचा, आठवड्यात निघायचां हाय. काठी घेऊन या."

"काठी घेऊन या म्हणतो," चाची म्हणाल्या.

"येतो," चाचा म्हणाले.

मी जिन्यात उभा होतो. तांडेल गेल्यावर खाली उतरलो. "चाचा, तुम्ही खरंच जाणार?" ते थाळ्यातला नट पुसत राहिले. मी पुन्हा विचारलं. मान वर नाही. या वेळी त्यांना ऐकू आलं नव्हतं की ऐकायचं नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या आठवड्यात मी दोनदा कानाच्या डॉक्टरांसमोर औषधांचे नमुने मांडून बसलो आणि दोन्ही वेळा विचारायचं ते विचारलं नाही. रात्री पाऊस कौलांवर वाजायचा आणि मला सात माणसं दिसायची, बंद पडलेल्या इंजिनाभोवती बसलेली. शेवटी शब्द मोडून मी चाचींपाशी गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या.

"चाची, चाचांना..."

"ऐकू येत नाय," त्या म्हणाल्या. हात थांबले नाहीत. "सहा वर्षां झाली. मी काय उगीच सगळ्यांचां बोलणां परत बोलते?"

"मग तुम्ही त्यांना..."

"मी बोलले तर तो माझ्यासमोर जेवायला बसायचा नाय. त्याचां त्यानं बोलायला हवां."

"पण लाँचवर माणसं आहेत."

आता त्यांचे हात थांबले. "तू जा त्याच्यासंगती," एवढंच म्हणाल्या.

गाडी दोन दिवस आधीच जुळून तयार झाली होती. त्याच गाडीवर मी चाचांना मिरकरवाड्याला नेलं. वाटेत मी एकच वाक्य घोकत होतो : तांडेल, यांच्या शब्दावर जाऊ नका. चाचा 'जा' म्हणाले की लगेच हे बोलायचं. मग त्यांच्या घरात राहायचं नाही, तेही मी ठरवून ठेवलं होतं. धक्क्यावर माशांचा, डिझेलचा आणि नव्या रंगाचा वास होता. खलाशी जाळी चढवत होते. तांडेलानं इंजिन चालू केलं. चाचा खाली उतरले, मागून मी.

काठी इंजिनावर टेकली. दुसरं टोक कानामागं. डोळे मिटले. वर इंजिनघराच्या तोंडाशी तांडेल आणि दोघं खलाशी वाकून बघत होते. चाचांनी काठी हलवली, दुसऱ्या जागी लावली. तिसऱ्या. मला वाटलं, अर्धा तास गेला. घोकलेलं वाक्य बोलायला मी तोंड उघडलं.

चाचांनी काठी खाली घेतली. वर आले. तांडेलासमोर उभे राहिले.

"मला ऐकू येत नाय," ते म्हणाले. त्यांच्या नेहमीच्या आवाजात. सगळ्या धक्क्यानं ऐकलं.

आधीच्या वर्षी याच लाँचचं इंजिन जयगडच्या समोर बंद पडलं होतं. दोन रात्री माणसं लाटांवर हेलकावत होती, मग दुसऱ्या लाँचनं ओढून आणली. तेव्हाही चाचांनी काठी लावून 'जा' म्हटलं होतं.

"गेल्या वर्षी?" तांडेलानं विचारलं.

"गेल्या वर्षी पण नाय."

"आणि तरी जा म्हणालास?"

चाचांनी मान खाली घातली. साठी उलटलेला माणूस, शाळेतल्या मुलासारखा उभा. "म्हणालो. आता खोल. मी हातानं बघतो. एकेक भाग बघतो."

"चार दिवस जातील. पहिले चार दिवस!" हंगामाच्या पहिल्या दिवसांची कोळंबी कोणी सोडत नाही.

"जाऊ देत. खोल."

तांडेल पाय आपटत धक्क्यावर गेला, परत आला, परत गेला. पण माणसं समुद्रात न्यायची म्हटल्यावर शेवटी त्यालाही भीती होतीच. त्यानं इंजिन खोललं. चार दिवस चाचा पहाटे जात आणि अंधार पडल्यावर येत. दवाखाने आटोपून मी त्यांना आणायला जायचो तेव्हा बाकीच्या लाँच माल उतरवत असत आणि ही एकटी धक्क्याला बांधलेली. येणारेजाणारे हसत. "चाचा, काठी विकायची काय?" ते चाचांना ऐकू येत नसे, आणि मी सांगत नसे.

इंजिनात काहीही निघालं नाही. एक वॉशर बदलावा लागला, बस. चार दिवसांची कोळंबी गेली आणि इंजिन मुळात ठणठणीत होतं. हे कळलं तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं. चाचा मात्र त्या रात्री जेवले आणि पडवीतच झोपले, इतके गाढ की चाचींनी दोनदा येऊन श्वास पाहिला.

पाचव्या दिवशी सकाळी लाँच निघाली. चाचा म्हणाले, मला धक्क्यावर ने. मला न्यायचं नव्हतं, पण नेलं. दोरी सुटली. इंजिन फिरू लागलं. तांडेल सुकाणूपाशी उभा होता, आमच्याकडं न बघता. लाँच दहा-पंधरा हात गेल्यावर त्यानं मागं वळून चाचांना काहीतरी म्हटलं.

आजवर असं कोणी काही बोललं की चाचा हसून मान डोलवत, आणि बोलणारा समाधानानं जात असे. त्या दिवशी त्यांनी काठी बगलेत मारली, दोन्ही हात कानामागं धरले आणि ओरडले, "ऐकू नाय आलां! परत बोल!"

तांडेलानं सुकाणू एका खलाशाच्या हातात दिलं, मागच्या टोकाला आला आणि छाती भरून घेऊन ती शिवी पुन्हा दिली. चार दिवसांच्या कोळंबीसकट, चाचांच्या वाडवडिलांसकट, अख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशी. धक्क्यावरची माणसं चाचांकडं वळली. मी चाचांकडं बघायला धजत नव्हतो.

चाचा हसत होते. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी काठी उंच धरून हलवली.

"आता आलां!" ते ओरडले. "आता बराबर आलां!"